तोडलेला 'प्रोमिथियस' रेडवुड नव्हता, पाइन होता

"जगातलं सर्वांत जुनं रेडवुड तोडलं" या ओळीखाली एका अवाढव्य बुंध्याचा फोटो पुन्हा फिरतोय. १९६४ साली 'प्रोमिथियस' नावाचं अतिशय जुनं झाड तोडलं गेलं, हे खरं. झाडाची जात मात्र साफ चुकीची आहे.

'प्रोमिथियस' हे ब्रिसलकोन पाइन होतं, अमेरिकेतल्या नेवाडा राज्यात व्हीलर शिखराच्या उतारावरचं. जुन्या हिमनद्यांचा अभ्यास करणाऱ्या डोनाल्ड करी या विद्यार्थ्याने वनखात्याच्या परवानगीने ते तोडवलं. पुढे त्याच्या खोडातली ४,८६२ वार्षिक वर्तुळं मोजली गेली. उंची जेमतेम ५ मीटर, बुंध्याचा घेर मात्र ६ मीटरच्या वर. फोटोतला बुंधा जायंट सिकोया या रेडवुडच्या प्रकारासारखा दिसतो, आणि ते झाड निसर्गतः फक्त कॅलिफोर्नियात, सिएरा नेवाडा पर्वतात वाढतं. 'नेवाडा' या नावानेच घोटाळा होत असावा.

नुसत्या बुंध्यावरून जात ठरवू नये. सुया पाहाव्यात, शंकू पाहावेत. ब्रिसलकोनच्या आखूड सुया पाच-पाचच्या जुडग्यात येतात, शंकूच्या प्रत्येक खवल्यावर बारीक काटा असतो. सिकोयाला जुडगी नसतातच, फांदीला चिकटलेली खवल्यांसारखी पानं असतात.

काही लेखांत 'प्रोमिथियस'चं शास्त्रीय नाव 'पायनस अरिस्टाटा' सापडेल. तेव्हा ते बरोबरच होतं. १९७० साली नेवाडाकडची झाडं 'पायनस लाँगीव्हा' म्हणून वेगळी काढली गेली. अरिस्टाटाच्या सुयांवर राळेचे पांढरे ठिपके असतात, लाँगीव्हावर ते सहसा दिसत नाहीत.

कृपया तो फोटो या नावाने पुढे पाठवू नका.