मळीवरची वाट

संक्रांतीला माहेरी, सांगली जिल्ह्यातल्या भिलवडीला गेले होते. दुसऱ्या दिवशी करीला सकाळी साडेसहाला तात्या, म्हणजे माझे धाकटे चुलते, काठी घेऊन दारात उभे. "येतीस काय ब्रह्मनाळपतुर? मळीनं जाऊ." आई आतून म्हणाली, करीला कुठं लांब निघालाय. पण तात्यांनी बाहत्तरी ओलांडली आहे. ते पुन्हा कधी असं बोलावतील, काय सांगावं? मी चपला सोडून बूट घातले आणि निघाले. त्या दिवशी जे बघितलं ते तेव्हापासून डोक्यातून जात नाही, म्हणून लिहिते आहे.

कृष्णाकाठ ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. नदीचं पाणी आणि वरचं रान यांच्यामध्ये गाळाचा जो उतार असतो, ती मळी. पावसाळ्यात ती पाण्याखाली जाते, पूर ओसरला की वर नवा गाळ. कृष्णाकाठची वांगी याच मातीतली. या मळीच्या वरच्या कडेनं आमच्या लहानपणी सलग पायवाट होती. घाटावर धुणं घेऊन जाणाऱ्या बायका, पाण्याची मोटार चालू करायला निघालेले गडी, म्हशी, शाळकरी पोरं, सगळ्यांची तीच वाट. भुवनेश्वरीच्या देवळापासून समोर औदुंबरचा घाट दिसायचा आणि काकड आरतीचा आवाज पाण्यावरून या काठाला यायचा.

निघालो तेव्हा धुकं इतकं होतं की नदी नुसती ऐकू येत होती. ऊसतोड चालू असल्यामुळं निम्मं रान मोकळं झालेलं. एका फडात टोळी कामाला लागली होती आणि कोयत्यांच्या मागोमाग बगळे. पाचट हललं की खालचे किडे उघडे पडतात, ते टिपायला ही पंगत. धुकं विरळ झालं तशी टिटवी ओरडायला लागली. कवड्या खंड्या पाण्यावर जागच्या जागी पंख मारत थांबला, मान खाली, आणि दगड पडावा तसा पाण्यात. वर आला तेव्हा चोचीत मासोळी वळवळत होती. बाभळीला सुगरणीचे मागच्या पावसाळ्यातले वाळके खोपे, दरडीत वेड्या राघूंची गेल्या उन्हाळ्यातली बिळं. हळदी-कुंकू बदकांची एक जोडी पार सुखवाडीच्या अंगापर्यंत आमच्या पुढं पुढं उडत राहिली.

एका वळणावर तात्यांनी काठी आडवी धरली. मी थांबले. खाली ओल्या गाळात पाण्यापासून वर आलेली एक रुंद घसरण होती. गाळ गुळगुळीत दाबला गेलेला, दोन्ही बाजूंना पंजे, प्रत्येक बोट वेगळं दिसावं इतके ताजे, आणि मधोमध एक नागमोडी रेघ. "शेपटी," तात्या म्हणाले. "पहाटं वर आली हुती, आपली चाहूल लागली तशी गेली."

पुढं शंभरेक पावलांवर दुसरी मगर दिसली, सुदैवानं समोरच्या काठाला. आठ-नऊ फुटांची असेल. अंगावरचा चिखल उन्हानं वाळून पांढुरका झालेला, तोंड सताड उघडं. आपल्याला वाटतं ती चवताळलीय. तसं नाही. मगरीचं रक्त थंड, म्हणून थंडीच्या दिवसांत ती उन्हाला येऊन अंग तापवते, आणि उष्णता जास्त व्हायला लागली की जबडा उघडून ती बाहेर सोडते. तिच्या शेपटीपासून हातभर अंतरावर एक धोबी पक्षी शेपूट वरखाली करत चिखलातलं टिपत होता. आम्ही पंधरा-वीस मिनिटं तिथंच उभे होतो. मगर हलली नाही, धोबीही गेला नाही.

त्या दिवशी निघतानाच तात्यांनी मला तीन जागा सांगून ठेवल्या होत्या. वाळुंजाच्या झाडाखालची, पडक्या जॅकवेलजवळची (नदीकाठच्या पंपाच्या विहिरीजवळची) आणि सुखवाडीच्या वळणावरची. दोन ठिकाणी मगर होती, तिसऱ्या ठिकाणी घसरण. हे कुणी शिकवलेलं नाही. पस्तीस-चाळीस वर्षं हा माणूस रोज मोटार चालू करायला मळीनं उतरला. कुठं बसते, कुठल्या महिन्यात अंडी घालायला दरड उकरते, कुठं पाण्यात हात घालायचा नाही, हे सगळं पायाखालून डोक्यात गेलं.

आता मोटार मोबाइलवरून चालू होते. रात्रीच्या विजेसाठी काळोखात, विंचू-किरडातून जायला नको, ही सोय चांगलीच आहे आणि मी तिच्या विरोधात नाही. पण त्यामुळं पायवाटेवरची पावलं गेली. पावलं गेली तशी वाट गेली. चोपडेवाडीच्या पुढं आम्हाला तीनदा वर रानातून वळसा घालावा लागला. एका ठिकाणी ऊस अगदी दरडीच्या तोंडापर्यंत लावलेला, एका ठिकाणी काटेरी तार, आणि एका ठिकाणी दहा-बारा फुटांची मळीच ढासळून नदीत गेलेली. २०१९ आणि २०२१ च्या पुरांनी काठ खाल्ला हे खरं, पण तिथली करंजं, जांभळं, उंबरं पुरानं नाही तोडली. मुळं धरून ठेवणारं झाड काढलं, वाळू उपसली, की पाण्याला काय अडवणार?

आणि मग आपण म्हणतो मगरी वाढल्या, मगरी हटवा.

मला हे जपून लिहायचं आहे. आमच्या या पट्ट्यात मगरीनं माणसं नेली आहेत, पोरं नेली आहेत. ज्यांच्या घरातलं गेलं त्यांना निसर्गाचे धडे द्यायची माझी लायकी नाही आणि इच्छाही नाही. पण उरलेल्यांशी मी भांडणार. पकडून चांदोलीला सोडा म्हणणाऱ्यांना मी विचारते, मगर जागा धरून राहणारा प्राणी आहे, चांगली बसायची जागा रिकामी झाली तर तिथं दुसरी मगर येणार नाही का? वन्यजीव कायद्यात, १९७२ पासूनच्या, तिला पहिल्या अनुसूचीचं संरक्षण आहे, ते तर आहेच. पण माझं म्हणणं कायद्याच्या आधीचं आहे. उन्हाला बसायला, अंडी घालायला तिला जो उतार लागतो, त्यावर आपण ऊस लावला. मार्च-एप्रिलमध्ये मादी दरडीत खड्डा करून पंचवीस-तीस अंडी घालते आणि पिल्लं बाहेर पडेपर्यंत, साधारण दोन महिने, आसपास राहते. त्या दोन महिन्यांत तिथं वैरणीला वाकलेल्या बाईला हे माहीत असायला हवं. कोण सांगणार तिला? पूर्वी वाटेवर भेटणारा कुणीतरी सांगायचा, "आज तिकडं उतरू नका."

म्हणून मला ही वाट परत हवी आहे. हौशी लोकांनी फोटो काढायला यावं म्हणून नव्हे, गावाची नजर नदीवर राहावी म्हणून. फरशी नको, काँक्रीट नको, दिवे तर अजिबात नकोत. दरडीच्या कडेची आठ फुटांची पट्टी सोडा, बाकी ऊस लावा. जुन्या गाव नकाशात गाडीवाट दुहेरी तुटक रेषेनं आणि पायवाट एकेरी तुटक रेषेनं दाखवलेली असते. आपापल्या गावचा नकाशा काढून ती रेघ शोधा. शेताकडं जायची वहिवाटीची वाट कुणी अडवली तर मामलेदार कोर्ट कायदा, १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदारांकडं दाद मागता येते, मात्र अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत. आमच्यातल्या किती जणांना ही मुदत माहीत आहे? वाट बंद झालेलं आपल्या लक्षात येतं तेच दोन वर्षांनी.

आणि पोरांनो, मगर दिसली की दगड मारून तिला पाण्यात पाडू नका. त्या दिवशी परतताना पुलाजवळ चौघं तेच करत होते, एक जण व्हिडिओ काढत होता. तात्या त्यांच्यावर ओरडले नाहीत. जवळ जाऊन म्हणाले, "ती वर हाय तवर तुला दिसतीया. पाण्यात गेली की तिला तू दिसतूस." दगड खाली पडले.

ब्रह्मनाळला पोचलो तेव्हा बारा वाजत आले होते. येरळा कृष्णेला मिळते तिथं थोडा वेळ बसलो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये याच गावची माणसं पुरातून बाहेर पडताना बोट उलटून गेली. तात्यांनी पाण्याकडं बघून हात जोडले. आम्ही दोघंही बोललो नाही. मग डब्यातली बाजरीची भाकरी आणि वांग्याची भाजी खाल्ली. भाजी मळीतल्याच वांग्यांची.

२६ जानेवारीच्या ग्रामसभेत वाटेचा विषय घ्यायचा असं माझ्या भावानं ठरवलं आहे. त्याआधी एक काम आम्ही त्याच रात्री सुरू केलं. पुतण्या वही घेऊन बसला आणि तात्या एकेक जागा सांगत गेले, कुठलं झाड, कुठला महिना, पाणी किती असताना. अकरा जागा झाल्या. बाराव्या जागेला ते अडखळले, बराच वेळ डोळे मिटून बसले.

"ती लिहू नगंस आत्ता," म्हणाले. "उन्हाळ्यात पाणी उतरलं की जाऊन बघतो, मग सांगतो."