रिकाम्या पिकअपची रेस

पावसाळ्यात रिकामी पिकअप घेऊन ज्याने माळशेज घाट चढला-उतरला आहे, त्याला ही पोस्ट दोन ओळींत कळेल. बाकीच्यांसाठी जरा लांबण लावतो.

१९८७ ते १९९१ अशी पाचच वर्षं अमेरिकेत एक रेस चालली. नाव रेसट्रक चॅलेंज. भरवायची स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका, म्हणजे एससीसीए. ट्रक म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर दहाटायरी येतो, पण तिकडे पिकअपलाही ट्रकच म्हणतात. तर फोर्ड रेंजर, निसान, माझदा, मित्सुबिशी, जीप कोमांची अशा छोट्या पिकअप डांबरी सर्किटवर पळायच्या. एरवी जिथे स्पोर्ट्स कार पळतात तिथेच, डावी-उजवी वळणं घेत. चिखलातून उड्या मारणाऱ्या पिकअपच्या रेस वेगळ्या, त्यांना स्टेडियम भरायची. ही मात्र गुळगुळीत रस्त्यावरची, आणि गाड्या जवळपास शोरूममधून निघाल्या तशाच. आत सुरक्षेचा पिंजरा, बारीकसारीक बदल, बास. बॉनेटखाली चार सिलिंडरचं साधं इंजिन असलेल्या गाड्या, ज्यात सोमवारी सुतार लाकडं भरतो.

आज या रेसचं नाव काढलं की मोटारींची आवड असलेले लोकसुद्धा हसतात. म्हणून लिहायला बसलो.

मला तिचा पत्ता लागला २००३ साली. कंपनीच्या कामाने दीड वर्ष ओहायोत होतो. तिथे माझ्याबरोबर एक म्हातारा फिटर होता, निवृत्तीला टेकलेला. हिवाळा सुरू झाला आणि एके दिवशी पार्किंगमध्ये त्याने आपल्या जुन्या रेंजरच्या हौद्यात वाळूची चार पोती टाकली. अगदी मागे नाही, बरोबर मागच्या एक्सलच्या वर. मी थांबून बघतच राहिलो. कारण हे मी लहानपणापासून बघत आलो होतो, फक्त बर्फाच्या जागी पाऊस होता आणि रेंजरच्या जागी अण्णांची, म्हणजे वडिलांची, टाटा दोनशे सात.

आमची नारायणगावकडे पोल्ट्री. रात्री लिफ्टिंग, म्हणजे कोंबड्या धरून जाळ्या भरायच्या, आळेफाटा, ओतूर करत माळशेज उतरून पहाटेच्या आत कल्याण. जाताना गाडी भरलेली असायची, म्हणजे शहाण्यासारखी चालायची. येताना रिकाम्या जाळ्या. आणि रिकामी पिकअप हा काय प्रकार असतो ते कळायला ओल्या घाटातलं एक वळण पुरतं. इंजिन पुढे, केबिन पुढे, माणूस पुढे. मागे नुसता पत्रा आणि हवा. चाकांवरचे कमानपाटे, म्हणजे पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा, टनभर मालाच्या हिशोबाने ठोकलेले, त्यामुळे रिकाम्या गाडीला ते दाद देत नाहीत, छोट्या खड्ड्यातही मागची बाजू टणकन उडते. मागचा एक्सल अखंड, एका चाकाने ठेच खाल्ली की दुसऱ्यालाही कळ. ब्रेक दाबला की उरलंसुरलं वजनही पुढे धावतं, मागची चाकं जाम होतात आणि मागचं ढुंगण पुढे यायला बघतं. अण्णा परतीच्या वाटेवर मुरबाडच्या अलीकडे एका ओळखीच्याकडून दोन पोती रेती टाकून घ्यायचे. माळशेज चढून आलं की ती पोती आमच्याच दारात रिकामी. आमच्या अंगणातलं अर्धं बांधकाम त्या रेतीत झालंय.

हे सगळं मी त्या फिटरला मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं. तो म्हणाला, मग तुला एक दाखवायलाच पाहिजे, आणि पुढच्या शनिवारी त्याच्या बेसमेंटमध्ये टीव्हीवरून टेप केलेल्या तीन कॅसेट निघाल्या.

पहिली पाच मिनिटं मीही हसलो, खोटं कशाला बोलू. पंधरा-वीस पिकअप हौदे हलवत एकमेकींच्या मागे सरळ रेषेत येतायत, वेग काही डोळे दिपवणारा नाही. वळण आलं आणि माझं हसू थांबलं. पुढच्या गाडीने ब्रेक मारला, मागचं टोक थोडं बाहेर आलं, ड्रायव्हरने स्टिअरिंग उलट दिलं, सोडलं, पुन्हा दिलं. वळणाच्या आतल्या बाजूचं मागचं चाक हलकं होऊन जागच्या जागी फिरायला लागलं, त्यातून धूर. गाडी आडवी की उभी हे ठरेपर्यंत ती वळणाबाहेर पडलेली, आणि हे असं प्रत्येक वळणाला, प्रत्येक फेरीला, पंधरा-वीस जण एकदम. माझे हात नकळत मांडीवर स्टिअरिंग फिरवत होते.

फॉर्म्युला वन मी बघतो, आवडीने बघतो. पण ती गाडी माझ्या ओळखीची नाही. तिचा ड्रायव्हर काय करतो ते समालोचक सांगेल तेव्हा मला कळतं. रेसट्रकमध्ये ज्याने कधी हौद्याची गाडी चालवली त्या प्रत्येक माणसाला आत काय चाललंय ते हाताला कळत होतं. माझ्या मते रेसची किंमत यावर ठरते, वेगावर नाही. आणि त्या काळी अमेरिकेत असे प्रेक्षक लाखांनी होते, कारण छोटी पिकअप तेव्हा दारोदार होती.

ती दारोदार का होती, याची गोष्ट कोंबड्यांपासून सुरू होते. पोल्ट्रीवाल्याच्या पोराने ही सांगितली नाही तर कोण सांगणार! १९६०च्या सुमारास अमेरिकेतली स्वस्त कोंबडी युरोपात, विशेषतः पश्चिम जर्मनीत, धो धो जायला लागली. तिथल्या शेतकऱ्यांनी ओरड केली, १९६२मध्ये युरोपच्या सामायिक बाजाराने कोंबडीवर जकात वाढवली. अमेरिकेने उट्टं काढलं १९६३च्या डिसेंबरात. अध्यक्ष जॉन्सन यांनी बटाट्याचं स्टार्च, डेक्स्ट्रिन, ब्रँडी आणि हलके ट्रक यांच्यावर २५ टक्के आयात कर बसवला. ट्रकमध्ये नेम होता फोक्सवॅगनवर. पुढे बाकीच्या तिन्हींचा कर उठला, ट्रकचा राहिला. लोक त्याला आजही चिकन टॅक्स म्हणतात.

मग पळवाटा. जपानी कंपन्या हौद्याशिवाय नुसती केबिन-चासी पाठवायच्या, तिच्यावर कर ४ टक्के, आणि हौदा अमेरिकेत उतरल्यावर बसवायच्या. १९८०मध्ये ही वाट बंद झाली. सुबारूने तर ब्रॅट नावाच्या पिकअपच्या हौद्यात मागे तोंड करून प्लास्टिकच्या दोन खुर्च्याच जोडून दिल्या, म्हणजे ही ट्रक नाही, प्रवासी गाडी! (रोनाल्ड रेगन यांच्या रँचवर असली एक ब्रॅट होती.) शेवटी निसानने टेनेसी राज्यात स्मर्ना इथे कारखानाच टाकला, १९८३ साली तिथून पहिली बाहेर पडली ती पिकअप. तोवर अमेरिकन कंपन्या जपान्यांच्याच पिकअपवर आपला बिल्ला लावून विकत होत्या. फोर्डची कुरिअर म्हणजे माझदा, शेवरलेची लव म्हणजे इसुझू. मग त्यांनीही स्वतःच्या काढल्या, शेवरलेने एस-१०, फोर्डने रेंजर. एकाच किमतीच्या, एकाच मापाच्या पाच-सहा पिकअप एकमेकींच्या उरावर. रेसट्रक चॅलेंज निघाली ती या भांडणातून. सोमवारी विकायचं तर रविवारी पळवून दाखवा.

माझा जीव जडला जीपच्या कोमांचीवर. जीपच्याच चेरोकी गाडीचं तोंड आणि मागे हौदा, अशी ती गाडी. ती चालवायचे बॉबी आणि टॉमी आर्चर हे दोघे भाऊ, मिनेसोटातल्या डुलुथचे. डुलुथ म्हणजे अशी जागा की वर्षातले कित्येक महिने बर्फ. मागचं टोक घसरणं हे त्यांना रोजचं असणार. इंजिन एएमसीचं, म्हणजे जीपच्या तेव्हाच्या मालक कंपनीचं, अडीच लिटरचं, चार सिलिंडर. गंमत म्हणजे ज्या वर्षी ही रेस सुरू झाली त्याच वर्षी क्रायस्लरने एएमसी विकत घेतली, म्हणजे मालक बदलत असताना हे भाऊ तिचं इंजिन पिळून काढत होते. टॉमी आर्चर पुढे डॉज वायपर घेऊन ल मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीत उतरला. म्हणून ‘पिकअप चालवणारे दुय्यम ड्रायव्हर’ असं कुणी म्हणालं की मला राग येतो. उलट रिकाम्या हौद्याची गाडी ज्याला सरळ ठेवता येते त्याला पुढे काहीही द्या.

फाळक्याबद्दल, म्हणजे हौद्याच्या मागच्या झडपेबद्दल, एक सांगतो, आडवळण असलं तरी. आपल्याकडे अनेकांना वाटतं, फाळका उघडा ठेवला की हवा आरपार जाते आणि गाडी हलकी पळते. अण्णांचं तर ते ठाम मत. प्रत्यक्षात उलटं आहे. फाळका बंद असला की हौद्यात हवेचा एक भोवरा अडकून राहतो आणि छतावरून येणारी हवा त्याच्यावरून घसरत मागे जाते. उघडलात की तो भोवरा मोडतो. मी हे अण्णांना तीनदा समजावलं आहे.

१९९१नंतर रेस नाही. लोक म्हणतात, चालली नाही म्हणून बंद पडली. मला हे अर्धवट वाटतं. ज्या गाडीवर ती उभी होती ती गाडीच बदलत गेली. कंपन्यांना ताकद विकायची होती. १९९१मध्येच जीएमसीने सायक्लोन काढली, छोटीच पिकअप, पण टर्बो व्ही-६, २८० अश्वशक्ती, चारही चाकांना जोर. सुंदर गाडी, पण सुताराची नाही. १९९५मध्ये नॅसकार या तिथल्या रेस भरवणाऱ्या संस्थेने ट्रकची मालिका सुरू केली, ती अजून चालू आहे, पैसाही आहे. पण त्यातला ट्रक म्हणजे पाइपांच्या सांगाड्यावर व्ही-८ इंजिन आणि वरून पिकअपचा मुखवटा. शोरूममधला एक नटसुद्धा त्यात नाही. कोमांची १९९२मध्ये संपली, एस-१० २००४मध्ये, आणि रेंजरचा मिनेसोटातला कारखाना २०११च्या डिसेंबरात बंद झाला. रेंजर २०१९मध्ये परत आली म्हणतात, पण ती बघितली तर जुनी रेंजर तिच्या हौद्यात मावेल असं वाटतं. छोट्या पिकअपला गिऱ्हाईक नव्हतं असं नाही. मोठ्या गाडीत नफा जास्त, इंधनाचे नियमही मोठ्या मापाच्या गाडीला सैल, आणि बाहेरून स्वस्त छोटी आणावी तर तो कोंबडीचा २५ टक्के दारात बसलेला. आपल्या महिंद्राची पिकअप तिकडे जाणार अशी २०१०च्या आधी दोन-चार वर्षं केवढी चर्चा होती. तिथल्या वितरकाशी वाद होऊन ती बारगळली.

आमच्याकडे मात्र छोटी पिकअप मेलेली नाही. आळेफाट्याला कधीही उभे राहा, छोटा हत्ती आणि बोलेरो पिकअप यांच्या रांगा दिसतील, टोमॅटो, कोंबड्या, मंडपाचे बांबू. दोनशे सात गेली, तिच्या जागी आता धाकट्या भावाची पिकअप आहे. अण्णा गाडी चालवत नाहीत, पण शेजारी बसून ब्रेक मात्र तेच मारतात.

त्या फिटरने मला निघताना एक कॅसेट दिली होती. मागच्या दिवाळीत ती मोबाइलवर उतरवून घेतली आणि अण्णांना दाखवली. रेस कसली, कुठली, काही सांगितलं नाही. दोन फेऱ्या गप्प बघितलं. मग एका वळणावर म्हणाले, “परत लाव.” लावलं. “परत.” त्या वळणावर एक पिकअप मागून पार निसटते आणि ड्रायव्हर ब्रेकला हात, म्हणजे पाय, न लावता नुसत्या ॲक्सिलरेटरवर ती सावरून घेतो.

“ह्याच्या मागं रेती न्हाई,” अण्णा म्हणाले.

“नाही. कुणाच्याच नाही.”

“आन् ब्रेकबी न्हाई मारला.” चष्मा काढून त्यांनी मोबाइल डोळ्यांजवळ नेला. “फाळका का लावलाय पण येड्यानं?”