बूचवाले साहेब

काल संध्याकाळपासून कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका गल्लीत माझं नाव ‘बूचवाले’ पडलंय. चौतीस वर्षं बँकेत काढली, निरोप समारंभात शाल-श्रीफळ घेतलं, आणि शेवटी पदवी मिळाली ती ही.

मूळ कारण मामांची 1957 ची एमजीए, म्हणजे इंग्रजी बनावटीची स्पोर्ट्स गाडी. 2011 साली मी तिचं इंजिन उतरवलं, पुढे मुलीचं लग्न, माझा गुडघा, मग 2019 चा महापूर. एवढ्यात त्या गाडीत मांजर तीनदा व्यालं. यंदा मात्र चालू करायचीच, असं ठरवलं. इंजिनाची चिंता नव्हती. 1489 सीसीचं, म्हणजे आपल्या अँबॅसिडरच्या घराण्यातलंच. गॅस्केट मिळालं, बेअरिंग मिळाली. अडलं ते बुचापाशी.

हिला एसयू कंपनीचे दोन कार्बोरेटर. त्यांच्या जेटभोवती, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या बारीक नळीभोवती, बुचाच्या बारक्या चकत्या असतात. त्या सुकल्या की पेट्रोल ठिबकतं, आणि नेमका खालीच तापलेला एक्झॉस्ट. पुढचं सांगायला नको. इंग्लंडहून मागवल्या तर चकत्या वडापावच्या भावात, टपालखर्च जेवणावळीचा. वर कस्टमवाला विचारणार, ही वस्तू काय कामाची? अहो, तेच तर तेरा-चौदा वर्षं घरचे मला विचारतायत!

म्हणून उद्यमनगर गाठलं. इथं सांगाल ते लोखंड ओतून मिळतं, लेथवर सुताइतकं चढउतार झालं तर मिस्त्री स्वतःच शिव्या घालून घेतो. दसऱ्याला राजघराण्याची जुनी मेबॅक मोटार मिरवणाऱ्या गावात चार बुचं मिळू नयेत? दुकानदार म्हणाला, “गाडी घेऊन या, बघून सांगतो.” गाडी आणता आली असती तर मी इथं कशाला आलो असतो, हे गिळलं. तेवढ्यात बाकावर पंपाच्या बुशासाठी ताटकळलेले एक आबा सरसावले. डोक्याला पटका, हातात तंबाखू.

“कशाला पायजे बूच, पावणं?”

“मोटारीला, आबा.”

“किती एचपीची?”

मला बरं वाटलं. चला, कुणीतरी जाणकार भेटला. “बहात्तर.”

आबांची तंबाखू मळायची थांबली. “बहात्तर? आमची साडेसातची हाय, चार एकर ऊस भिजतोय. तुमी काय पंचगंगा उपसताय व्हय?”

दुकान हसलं. मी घाईघाईनं सांगितलं, पाण्याची नव्हे, बसायची मोटार. ही चूक झाली. बसायची म्हटल्यावर आबा नीट मांडी घालून बसले.

“किती मानसं बसत्यात?”

“दोन.”

“बहात्तर एचपीत दोन? आन् छप्पर?”

“कापडाचं.”

“काचा?”

“वर-खाली होणाऱ्या नाहीत. लावायच्या-काढायच्या.”

“दाराला कडी तरी हाय का?”

इथं मी खोटं बोलायला हवं होतं. या मॉडेलच्या दाराला बाहेरून हँडल नसतंच. आत हात घालून दोरी ओढायची. तसं सांगितलं.

आबा दुकानदाराकडं वळले. “बग की. आमच्या गोठ्याच्या दारागत. आन् ह्ये इंग्रजानं केलंय!”

केलंय, आणि 1955 ते 1962 मध्ये एक लाखावर विकलंयही, बहुतेक परदेशात. पण हे त्या बाकाला कोण सांगणार? वर दुकानदारानं विचारलं, अँबॅसिडरला तर एकच कार्बोरेटर, तुमचा दुसरा स्टेपनी काय? दोन्ही बरोबरीनं हवा ओढतायत का हे कानाला नळी लावून ऐकावं लागतं, असं मी म्हणालो. मग तर दोन पोरं लेथ बंद करून आली. डॉक्टर आलाय म्हणे.

हसा. पण मला खरंच राग आला होता. चार एकर ऊस भिजवणाऱ्या मोटारीला कुणी ‘कशाला’ विचारत नाही. माणूस घर बांधतो, पोराच्या लग्नात कर्ज काढून हत्तीवरून साखर वाटतो, त्यालाही नाही. मी माझ्या पेन्शनमधून एक गाडी उभी करतोय, तर वाटेवरच्या प्रत्येकाला हिशोब पाहिजे. आणि पुढचा प्रश्न ठरलेला: “ॲव्हरेज किती?” तोही आलाच. गाडी तेरा-चौदा वर्षांत एक फूटही हलली नसेल तर ॲव्हरेज काय सांगायचं?

शेवटी आबांनीच पायातली चप्पल काढली. तुटून दुमडलेल्या पट्ट्याचा तुकडा कापून पोराकडं टाकला. “ह्येच्या चकत्या पाड. आमच्या पंपाच्या ग्लँडला चामडंच घालत हुतो आमी.” पोरानं पंचनं चार चकत्या पाडल्या. पैसे कुणी घेईना.

“चालू झाली की सांगा,” आबा उठता उठता म्हणाले. “हिरीवर आना. बहात्तर एचपी हाय, दोन तासांत मोकळी करू.”

मागनं दुकानदार ओरडला, “बूचवाले सायेब, पिशवी ऱ्हायली!”

इंग्लंडची ऑर्डर रात्री देणार होतो. दिली नाही. चकत्या वाटीत तेलात टाकून ठेवल्यात. खरी बुचंही बसवण्याआधी तेलात भिजवतातच.