चिट्याल चितोडचे नव्हेत

सोलापुरात सध्या एक मेसेज फिरतोय. चिट्याल म्हणे मूळचे चितोडचे राजपूत. अकबरानं गड घेतल्यावर दक्षिणेत आले, इंग्रजांच्या शिरगणतीत ‘चितोडवाल’चं ‘चिट्याल’ झालं आणि जनगणनेनुसार आता हे आडनाव फक्त सोलापुरात, 400 घरांत उरलंय.

1568 मध्ये अकबरानं चितोड घेतलं, एवढं खरं.

चिट्याल हे गाव आहे. सोलापूरवरून जाणारा 65 क्रमांकाचा महामार्ग हैदराबाद ओलांडून विजयवाड्याकडे निघतो, त्याच रस्त्यावर नलगोंडा जिल्ह्यात ते लागतं. जुन्या वरंगल जिल्ह्यातही एक चिट्याल आहे. मेसेजचा युक्तिवाद असा की, गावावरून आडनाव पडलं असतं तर ‘चिट्यालकर’ झालं असतं. अहो, ‘कर’ मराठीचा! तेलुगूत गावाचं नाव जसंच्या तसं घराण्याला लागतं, आणि तेही माणसाच्या नावाआधी. मराठी कागदावर ते शेवटी गेलं, इतकंच.

राजपूत घराणं असतं तर सोलापूरच्या पूर्व भागातल्या चिट्याल घरांत तेलुगू कुठून आली? 1860 च्या सुमारास रेल्वे सोलापूरला पोचली, 1877 मध्ये ‘जुनी मिल’ ही कापडगिरणी सुरू झाली. माग आणि गिरण्यांच्या कामासाठी निजामाच्या मुलखातून तेलुगू बोलणारे पद्मशाली विणकर इथं आले. गाव सुटलं की गावाचं नाव चिकटतं. गावात राहणाऱ्याला ते कोण कशाला लावेल?

‘फक्त सोलापुरात’ हा तर कहरच. तेलंगणच्या शेतकरी लढ्यात देशमुखाविरुद्ध उभी राहिलेली पालकुर्तीची ऐलम्मा कोण? चिट्याल ऐलम्मा! हैदराबादच्या कोठी भागातल्या महिला विद्यापीठाला आज तिचं नाव आहे. ती धोबी समाजाची. विणकरांतही चिट्याल, धोब्यांतही चिट्याल. आडनाव एका कुळाचं नसून गावाचं असलं की असंच होतं. म्हणून सगळे चिट्याल एकमेकांचे भाऊबंद, हेही गृहीत धरू नये.

राहिली 400 घरं. जनगणनेचे तक्ते धर्म, भाषा, व्यवसाय, पूर्वी जातही मोजत आले. आडनावनिहाय आकडे त्यांत नसतात. एकेका घराची माहिती तर 1948 च्या कायद्यानं गोपनीय आहे. मेसेज लिहिणाऱ्याला ती कुणी दाखवली?