तेरा साखळ्या, वर दीड आणा

गेल्या रविवारच्या गोल्फचे दोन फटके अजून माझ्या नावावर चढलेले आहेत आणि मला ते मान्य नाहीत. भावोजींनी ते पेन्सिलीने नाही, पेनाने लिहिले. त्यावरून काय ते समजा.

वेंगुर्ल्याच्या अलीकडे एका सड्यावर कुणा रिसॉर्टवाल्याने कातळावर माती टाकून, हिरवळ लावून सहा होलांचं गोल्फ उभं केलंय. पुण्याहून भावोजी आले की ताई त्यांना घराबाहेर काढते आणि ते मला. मला एक लोखंडी काठी मिळते. स्वतः ते कमरेच्या पाऊचमधून एक छोटी दुर्बीण काढतात. तिला रेंजफाइंडर म्हणायचं. निशाणावर रोखून बटण दाबलं की लेसर जातो, आपटतो, परत येतो आणि आत यार्डांचा आकडा उमटतो. नेम बरोबर निशाणाला लागला तर यंत्र हातात मांजरासारखं गुरगुरतं. 143 यार्ड जाऊन परत यायला त्या किरणाला सेकंदाचा दहा लाखावा भागसुद्धा लागत नाही, असं भावोजी म्हणाले. मी गप्प राहिलो. आमच्या वडिलोपार्जित जमिनीच्या मोजणीच्या अर्जाला चौथं वर्ष लागलंय. ते नंतर. आत्ताच सुरू केलं तर गोळी घ्यावी लागेल.

तिसरा होल उतारावर आहे. उभं राहायचं वर कातळावर, निशाण खाली काजूच्या बाजूला. "घे, तूच बघ," म्हणून भावोजींनी मोठ्या मनाने यंत्र माझ्या हातात दिलं. आत दोन आकडे. वर 143, खाली 131. दुकानात पाटीवर वरचा आकडा खोडून खालचा लिहिलेला असतो आणि शहाणा माणूस खालचाच देतो. मी 131 धरून मारला. चेंडू हिरवळीच्या अलीकडे उघड्या जांभ्यावर आपटला, काटकोनात उडाला आणि करवंदीच्या जाळीत गेला.

"कुठला आकडा बघितलास?" भावोजींनी विचारलं.

"खालचा."

"मग दोन दंड."

खालचा आकडा म्हणे उताराचा हिशोब करून आलेला. 2019 च्या 1 जानेवारीपासून नियमाने अंतर मोजायला परवानगी आहे, 2021 साली पीजीए चॅम्पियनशिप या मोठ्या स्पर्धेत तर व्यावसायिकांनाही दिली होती. पण चढउतार मोजायचा नाही. यंत्रात ती सोय असली तरी बंद ठेवायची. एकदा वापरली तर दोन फटके, पुन्हा वापरली तर बाद. मी म्हटलं, "यंत्र तुमचं, चालू तुम्ही ठेवलेलं." तर म्हणाले, "मी खालच्या आकड्याकडे बघतच नाही." ताटात पापलेट वाढलेलं असताना फक्त लिंबू बघणारा माणूस मी आजवर पाहिलेला नाही.

या खेळाचे नियम एकूणच आमच्या आजीच्या सोवळ्यासारखे. वारा कुठला आहे ते गवताची काडी उडवून बघितलेलं चालतं, चिमूटभर पावडर उडवली की दंड. हरवलेला चेंडू शोधायला तीन मिनिटं. भावोजी घड्याळ लावून उभे राहिले आणि मी जाळीत शिरलो.

तिथे आबा भेटले.

आबा म्हणजे कोण ते मला ठाऊक नाही. डोक्याला पंचा, हातात कोयती, मागे एक म्हैस. कुंपणाच्या दगडी गडग्यापलीकडून ते बराच वेळ आमच्याकडे बघत असावेत.

"कसली मोजणी चल्ली हा?"

"मोजणी नाय, आबानू. खेळतंव."

"खेळतास?" त्यांनी माझ्या पांढऱ्या मिशीकडे पाहिलं. "दुर्बीण लावन खेळतास? नोटीस खंय आसा? लगतदारांका नोटीस देवक व्हयी. आमका गावाक नाय."

मी म्हटलं, त्या निशाणापर्यंत किती अंतर आहे तेवढंच बघतोय. "कित्याक?" चेंडू तिथे पाठवायला. "मगे पाठवलास?" मी काही बोललो नाही. माझ्या शर्टाला अडकलेल्या करवंदीच्या काट्यांकडे बघून त्यांना उत्तर मिळालं.

मग त्यांनी गडग्यावर हात टेकून निशाणाकडे पाहिलं, वर आमच्या उभं राहण्याच्या जागेकडे पाहिलं, आणि तंबाखू ओठाखाली सरकवत म्हणाले, "तेरा साखळये. वर आणो, दीड आणो."

तरुणपणी वीस वर्षं त्यांनी मोजणीवाल्या सायबांच्या मागून साखळी ओढली होती. शंकू साखळी. 33 फुटांची, सोळा आण्यांची. साखळीभर लांब, साखळीभर रुंद तो एक गुंठा. मी तिथेच उभ्या उभ्या मनात गुणाकार केला. 33 फूट म्हणजे 11 यार्ड. तेरा अकरे 143. माझ्या अंगावर काटा आला, आणि या वेळी तो करवंदीचा नव्हता.

"भावोजी! आबांनी नुसत्या नजरेने 143 सांगितले!"

"नजरेला परवानगी आहे," भावोजी वरून ओरडले. "तीन मिनिटं संपली."

आता हा माणूस आपल्या बाजूचा, या भरवशावर मी आबांना सगळी कैफियत सांगितली. वरचा आकडा, खालचा आकडा, दोन दंड. म्हटलं, तुम्हीच सांगा, उतार आहे तर उताराचा हिशोब नको? आबांनी तंबाखूची पिंक टाकली.

"उताराक साखळी टेकवूची नाय. आडवी ताणूची, ओळंबो सोडूचो. उताराचो आकडो लबाड." मग भावोजींकडे बोट करून, "तेंचा बरोबर आसा."

पुण्याहून एक आणि गडग्यापलीकडून एक, असे दोन पंच मिळाले. म्हशीने मात्र मत दिलं नाही.

आता ते नंतरचं. साधी गोष्ट आहे. रिसॉर्टच्या प्रत्येक होलाच्या सुरुवातीला यार्ड लिहिलेला दगड आहे, वर भावोजींचं यंत्र, म्हणजे चार इंचांच्या एका भोकाचं अंतर दोनदा मोजलेलं. आणि माझ्या बापाची पावणेदोन एकर कुठून कुठपर्यंत ते या जिल्ह्यात कुणाला सांगता येत नाही. सातबारावर तेवीस नावं, त्यातली नऊ माणसं वारलेली आणि चार मुंबईत फोन न उचलणारी. फी भरली. पहिल्या तारखेला मोजणीवाले आले तर एका हिस्सेदाराने हरकत घेतली. दुसऱ्या तारखेला पाऊस. तिसरी तारीख कधी म्हणून विचारायला गेलो तर खिडकीपलीकडचा माणूस म्हणाला, अर्ज सापडत नाही, नवा करा. जुन्याची पोच दाखवली तर म्हणाला, ही पोच आहे, अर्ज नाही. यावर काय हसायचं ते मला अजून सुचलेलं नाही. तो काटकोनात उडालेला चेंडू निदान कुठल्या जाळीत गेला ते तरी माहीत होतं.

आबांचंही तेच निघालं. गडग्याच्या टोकापासून ऐनाच्या झाडापर्यंत त्यांचं, पलीकडे चुलतभावाचं. आणि चुलतभाव दर पावसाळ्यानंतर गडगा थोडा अलीकडे रचतो. "ता मशीन जरा हंय धरा बघया," ते म्हणाले. भावोजी चौथ्या होलाकडे निघाले होते. यंत्र माझ्याच खिशात राहिलेलं. मी गडग्याच्या टोकाशी उभा राहून ऐनाच्या खोडावर नेम धरला. गुरगुर झाली.

"चव्वेचाळीस यार्ड. म्हणजे चार साखळ्या, आबानू."

आबांचा चेहरा पडला, मग लाल झाला. "पाच होते! बापाशीन माज्या हातान मोजून घेतल्यान! मेल्यान एक साखळी खाल्ल्यान!"

म्हैस दोन पावलं मागे सरली. आबांनी पंच्यातून एक चुरगळलेला कागद काढला, बहुतेक औषधांची चिठ्ठी, आणि पाठकोरी बाजू माझ्यापुढे धरली. "लिवन देवा. तारीख घाला. सही करा. शनिवारी वाडीत बसूचा आसा, तेव्हा तुमी येवा."

मी लिहिलं. गडग्यापासून ऐनापर्यंत 44 यार्ड, चार साखळ्या. तारीख, सही, खाली मोबाईल नंबर. एवढ्या वर्षांत एका तरी मोजणीचा कागद निघाला, मग तो दुसऱ्याच्या जमिनीचा का असेना. आबांनी तो घडी करून पंच्याच्या गाठीत बांधला आणि म्हैस घेऊन घाईघाईने वाडीकडे निघाले, चुलतभावाच्या घराच्या दिशेने.

चौथ्या होलावर यंत्र परत देताना भावोजींनी विचारलं, "कुठे राहिला होतास?" मी सांगितलं. त्यांनी यंत्र डोळ्याला लावलं, बटण दाबलं आणि तसेच थांबले.

"अरे, उताराचं बटण अजून चालूच आहे. त्याला कुठला आकडा दिलास?"

मी वाडीकडे पाहिलं. आबा दिसेनासे झाले होते.