उजेड फॉस्फरसचा नव्हे

अंदमानातील स्वराज द्वीपावरील (पूर्वीचे हॅवलॉक बेट) रात्री चमकणाऱ्या समुद्राच्या पाण्याविषयीच्या आपल्या लेखात तो उजेड समुद्रातील फॉस्फरसमुळे पडतो असे म्हटले आहे, ते कृपया दुरुस्त करावे. पाणी ढवळले गेले की डायनोफ्लॅजेलेट नावाच्या एकपेशीय सूक्ष्मजीवांमधील ल्युसिफेरिन या द्रव्याचे ल्युसिफरेज या विकराच्या साहाय्याने ऑक्सिडीकरण होते आणि क्षणभर निळसर प्रकाश बाहेर पडतो.

मी व माझा मित्र नाशिकहून तेथे गेलो होतो. कांदळवनातून कयाक वल्हवताना वल्ह्याभोवती चमक उठत होती खरी, परंतु लेखासोबतच्या छायाचित्राइतकी भडक ती डोळ्यांना दिसत नाही, कारण अशी छायाचित्रे बहुधा कॅमेऱ्याचे शटर कित्येक सेकंद उघडे ठेवून घेतलेली असतात. (आमच्या नाशिकच्या गंगापूर धरणात असे का होत नाही, हा मित्राचा प्रश्न रास्त होता, चमकणारे डायनोफ्लॅजेलेट खाऱ्या पाण्यातच राहतात.)

लेखात उल्लेखलेल्या कॅरिबियनमधील प्वेर्तो रिकोच्या मॉस्किटो बे या अशाच चमकत्या उपसागराबद्दल एक भर घालतो. तेथील उपसागराचे तोंड अरुंद असल्यामुळे हे जीव बाहेर वाहून जात नाहीत आणि कांदळवनाच्या कुजणाऱ्या पानांतून त्यांना पोषण मिळते; तरीही २०१७ च्या मारिया चक्रीवादळानंतर त्याचे पाणी कित्येक महिने चमकत नव्हते. तेथे पोहण्यासही बंदी आहे, आणि ती मला योग्य वाटते.

जाऊ इच्छिणाऱ्यांनी तारीख विमानभाड्यावरून न ठरवता पंचांग पाहून अमावास्येच्या आसपासची निवडावी, कारण पौर्णिमेच्या चांदण्यात हा मंद प्रकाश जवळजवळ दिसतच नाही.