एक चूल होती, ताटं सारखी नव्हती

आमच्या भावकीच्या ग्रुपवर दर महिन्या-दोन महिन्यांनी एक मेसेज फिरून येतो. शब्द थोडे बदलतात, सार तेच: पूर्वी सगळे एकत्र कुटुंबात राहत, म्हणून मुलांवर संस्कार होत, माणसं निरोगी राहत, म्हाताऱ्यांना आधार असे आणि पैशावाचून कुणाचं अडत नसे. मग सुनांना वेगळं राहायचं झालं, घरं मोडली आणि सगळं बिघडलं. शेवटी ‘पटलं तर पुढे पाठवा’.

मला पटत नाही. मी सातारा जिल्ह्यातल्या एकवीस माणसांच्या घरात वाढले. त्या घरावर माझा जीव आहे, आणि म्हणूनच त्याच्याबद्दल खोटं पसरलेलं मला सहन होत नाही.

‘पूर्वी सगळेच एकत्र राहत.’ नव्हते राहत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या जनगणना काढून पाहिल्या तर देशात एका घरात सरासरी पाचच्या आसपास माणसं दिसतात. समाजशास्त्रज्ञ ए. एम. शाह यांनी गुजरातेतल्या एका गावाचा अभ्यास करून १९७३ साली हेच मांडलं की ‘आधी सगळी एकत्र कुटुंबं, मग सगळी विभक्त’ ही सरळ गोष्ट पुराव्याला टिकत नाही. कारण साधं आहे. स्वातंत्र्याच्या सुमारास आपल्याकडे सरासरी आयुर्मान बत्तीस वर्षांच्या आसपास होतं. लहान मुलं फार दगावत म्हणून हा आकडा इतका खाली दिसतो हे खरं, पण मोठी माणसंही लवकर जात. नातवाचं लग्न बघायला आजी-आजोबा दोघंही हयात असणं हे तेव्हा नशीब समजलं जाई. एकवीस माणसांचं घर होतं ते थोडीफार जमीन असलेल्यांचं. आमच्या शेतावर राबणाऱ्या माणसाच्या घरात पोरगं कर्तं झालं की वेगळी चूल मांडायचं, कारण एकत्र ठेवायला हाताशी काही नव्हतंच.

‘एकत्र घरात सगळ्यांची तब्येत चांगली राही.’ हा मुद्दा मला सगळ्यात जास्त लागतो. आमच्याकडे तीन पंगती उठत. आधी पुरुष, मग पोरं, शेवटी बायका. पहिल्या पंगतीला आजी डाव तळापासून फिरवून आमटी वाढायची. बायकांची पंगत बसायच्या आधी पातेल्यात तांब्याभर पाणी वाढवलं जायचं, वर थोडं मीठ. त्या पंगतीतही शेवटचं पान माझ्या आईचं, कारण ती धाकटी सून. दुधाची चरवी थोरल्या काकीच्या ताब्यात असायची. तिच्या मुलांना निरसं दूध, आम्हाला चहापुरतं. काकी वाईट नव्हती. मला विषमज्वर झाला तेव्हा अकरा रात्री तीच उशाशी बसली होती. पण दूध तिच्या हातात होतं आणि माझ्या आईला ते मागण्याची सोय नव्हती. काकीची मुलं आजही आम्हा भावंडांपेक्षा चांगली वीतभर उंच आहेत.

एका घरावरून नियम काढू नये, हे मला कळतं. पण डायेन कॉफी, रीतिका खेरा आणि डीन स्पिअर्स या अभ्यासकांनी ग्रामीण भारतातल्या एकत्र कुटुंबांची पाहणी याच प्रश्नासाठी तपासली. एकाच घरात, एकाच चुलीवर जेवणाऱ्या चुलत भावंडांत धाकट्या सुनेची मुलं थोरलीच्या मुलांपेक्षा सरासरीनं बुटकी निघाली. घर तेच, विहीर तीच, आजी-आजोबा तेच. फरक होता तो आईच्या घरातल्या जागेचा. हे वाचलं त्या दिवशी मला आईच्या पानातली ती पातळ आमटी आठवली आणि किती तरी वेळ काही सुचलं नाही. महाराष्ट्रात आजही निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी आहे. उरलंसुरलं खायची सवय चार माणसांच्या घरातही तशीच चालत आली आहे. त्यामुळे घर लहान झालं की आपोआप सगळं सुधारतं, असं माझंही म्हणणं नाही. किती माणसं राहतात यापेक्षा कुणाच्या पानात काय पडतं, हे विचारा.

मधुमेह आणि रक्तदाब विभक्त कुटुंबामुळे वाढले, असंही त्या मेसेजात असतं. खाणं बदललं, अंगमेहनत कमी झाली, आयुष्य वाढलं. एकत्र घरांतही गोळ्यांचे डबे आहेतच.

‘आजी-आजोबांशिवाय संस्कार होत नाहीत.’ आजीनं मला जात्यावरच्या ओव्या दिल्या, पाहुण्याला पाणी द्यायला शिकवलं, ते मी विसरणार नाही. पण मुलं सांगितलेलं कमी आणि पाहिलेलं जास्त शिकतात. माझ्या भावांनी काय पाहिलं? जेवून ताट तिथंच सोडायचं, बहीण उचलते. हाही संस्कारच झाला, आणि तो पुसायला त्यांच्या बायकांची उमेद खर्ची पडली. जोतिरावांनी शाळा सुरू केली तेव्हा त्यांना आणि सावित्रीबाईंना १८४९ साली घर सोडावं लागलं, तेही वडिलांच्या सांगण्यावरून. रमाबाई रानडे शिकू लागल्या तेव्हा त्यांना सगळ्यात जास्त त्रास झाला तो घरातल्याच वडीलधाऱ्या बायकांचा. आणि आमच्या साताऱ्यात भाऊराव पाटलांनी १९२४ साली वसतिगृह काढलं, तिथं सगळ्या जातींची पोरं घरापासून लांब, एकत्र राहून, एकत्र जेवून शिकली. ती बिघडली असं म्हणायची कुणाची छाती आहे?

‘सुनांमुळे घरं मोडली.’ आमचं घर कशामुळे मोडलं ते मी डोळ्यांनी पाहिलंय. वडील आणि मधले काका मुंबईत गिरणीत होते. लालबागच्या एका खोलीत वीसेक माणसं, एक पाळी कामावर गेली की दुसरी तिच्या वळकट्यांवर झोपायची. वर्षातून एकदा, जत्रेला, दोघं घरी यायचे. म्हणजे ज्या घराला आपण एकत्र म्हणत होतो त्यातले दोन कर्ते पुरुष घरात राहतच नव्हते. त्यांची मनीऑर्डर राहत होती. जानेवारी १९८२ मध्ये संप झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि बहुतेकांच्या हाती पुढं काही लागलं नाही. मनीऑर्डर थांबली. दीड वर्षाच्या आत आमच्या पडवीत कूड घातला गेला आणि आईनं तीन दगड मांडून वेगळी चूल पेटवली. भांडण झालं ते धान्यावरून झालं. गावात अजून म्हणतात, धाकटीनं घर फोडलं.

म्हाताऱ्यांबद्दल थोडक्यात सांगते. २०१७-१८ साली देशभर ज्येष्ठांची मोठी सरकारी पाहणी झाली. त्यात एकटे राहणारे शंभरात सहाच्या आसपास निघाले, बहुतेक म्हातारी माणसं मुलाबाळांसोबतच आहेत. त्या सहांची काळजी घ्यायलाच हवी. पण सोबत राहणाऱ्यांना विचारलं जातं का, की दवाखान्याला पैसे कुणाकडे मागावे लागतात? माझी आजी भरल्या घरात दोन वर्षं मोतीबिंदू घेऊन चाचपडत होती. ‘सुगी झाली की बघू’ हे ठरवणारे बरेच होते, घेऊन जाणारं कुणी नव्हतं.

राहिला शेवटचा दावा, एकत्र घरात कुणाचं अडत नसे. माझी आत्या त्याच घरची लेक. आजोबा गेल्यावर वारस म्हणून तिचं नाव सातबाऱ्यावर लागलं. १९५६ च्या कायद्यानं वडिलांच्या वाट्यात तिचा हक्क होता. (२००५ च्या दुरुस्तीनं तर वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच वाटा दिला.) सगळे म्हणाले, माहेर तुटेल. ती तालुक्याला जाऊन हक्कसोडपत्रावर अंगठा देऊन आली. काकांनी तिला हिरवी इरकली साडी घेतली, येताना सगळ्यांनी मिसळ खाल्ली. मी तिच्या शेजारी बसले होते. अंगठ्याची शाई ती सारखी पदराला पुसत होती. त्याच जूनमध्ये तिच्या थोरल्यानं फी भरता आली नाही म्हणून आयटीआय सोडलं आणि तो पुण्याला एका गॅरेजात कामाला लागला.